ॲटमॉसचा शिक्का पाहण्याआधी घराचे छप्पर पाहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

चवथ जवळ आली की टीव्ही आणि साउंडबारच्या जाहिरातींनी वृत्तपत्रांची पाने भरतात. त्यांत ‘डॉल्बी ॲटमॉस’, ‘डीटीएस:एक्स’ (डोक्यावरूनही आवाज ऐकवणारे ध्वनीचे प्रकार), ‘५.१.२’ ही अक्षरे ठळक छापलेली असतात आणि ग्राहक त्यांवर विसंबून बरेच पैसे मोजतो. शिक्का बहुधा खराच असतो. मात्र तो आवाज कानापर्यंत पोहोचायला कोणती केबल लागते, टीव्हीत कोणती सेटिंग बदलावी लागते आणि डोक्यावरचे छप्पर कसे असावे लागते, हे दुकानात क्वचितच कोणी सांगते. गोव्यातल्या घरांत तर छपराचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. म्हणून हे थोडे लांबलेले पत्र.

आधी फॉरमॅटचा गोंधळ दूर करू. घरात चित्रपट पाहणाऱ्याचा संबंध मुख्यतः दोन घराण्यांशी येतो, डॉल्बी आणि डीटीएस. डॉल्बी डिजिटल चित्रपटगृहांत १९९२ साली आले, डीटीएस १९९३ साली. घरात दोन्ही ५.१ म्हणून आले: समोर डावा, मधला आणि उजवा, बाजूला किंचित मागे दोन सराउंड, आणि ‘.१’ म्हणजे फक्त १२० हर्ट्झच्या खालच्या दणक्यासाठी राखलेला मार्ग. डॉल्बी डिजिटलला डीव्हीडीवर सेकंदाला जास्तीत जास्त ४४८ किलोबिट मिळतात, ब्लू-रेवर ६४०. डीटीएसला डीव्हीडीवर बहुधा ७५४ आणि ब्लू-रेवर १५०९. या आकड्यांवरून डीटीएस दुप्पट सरस, असा समज पसरला आहे. दोघांची आवाज दाबण्याची पद्धत वेगळी असल्यामुळे असे आकडे शेजारी ठेवून निकाल लावता येत नाही.

‘पण डीटीएस ट्रॅक लावला की फरक जाणवतो’ हे अनुभवी लोकही सांगतात. फरक जाणवतो हे खरे आहे. त्याचे कारण बहुतेक वेळा आवाजाच्या पातळीत असते. डॉल्बीच्या प्रवाहात ‘डायलनॉर्म’ नावाची एक नोंद असते. चित्रपटातले संवाद सरासरी किती मोठे आहेत ते ती रिसीव्हरला (स्पीकर चालवणाऱ्या यंत्राला) सांगते आणि त्यानुसार रिसीव्हर एकूण आवाज काही डेसिबलने, बऱ्याचदा ४ डेसिबलने, खाली आणतो. डीटीएसचा ट्रॅक बहुधा तसा खाली येत नाही. आपला कान असा आहे की एक-दोन डेसिबलने मोठा असलेला आवाज त्याला ‘मोठा’ न वाटता ‘स्वच्छ’ आणि ‘भरदार’ वाटतो. तेव्हा तुलना करायचीच असेल तर तोच चित्रपट, तोच प्रसंग घ्या, मोबाइलवरच्या ध्वनिमापक ॲपने दोन्हींची पातळी सारखी करा आणि मग ऐका. दुकानात एका साउंडबारचा आवाज २० वर आणि दुसऱ्याचा ३० वर ठेवून केलेल्या तुलनेला काहीही अर्थ नसतो.

पुढची पायरी म्हणजे मूळ ध्वनीतला एकही बिट न गमावणारे फॉरमॅट: डॉल्बी ट्रूएचडी (सेकंदाला १८ मेगाबिटपर्यंत) आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ (२४.५ मेगाबिटपर्यंत). दोन्ही स्टुडिओतला ध्वनी जसाच्या तसा परत देतात. त्यामुळे या दोघांत सरस-निरस करत बसू नये. त्यांच्यात ऐकू येणारा फरक मिश्रण करणाऱ्याच्या कामाचा किंवा पातळीचा असतो.

ॲटमॉस (चित्रपटगृहांत २०१२, घरांत २०१४) आणि डीटीएस:एक्स (घरांत २०१५) यांची गोष्ट वेगळी. त्यांत ‘हा आवाज खोलीत अमुक जागी’ अशी स्थानाची माहिती असते आणि ती तुमच्या स्पीकरांच्या संख्येप्रमाणे वाटून देण्याचे काम रिसीव्हर करतो. ॲटमॉस स्वतंत्र प्रवाह म्हणून घरी येत नाही. डिस्कवर तो ट्रूएचडीच्या पाठीवर येतो, ओटीटीवर डॉल्बी डिजिटल प्लसच्या, म्हणजे डॉल्बी डिजिटलच्या सुधारित आवृत्तीच्या. ज्याच्याकडे छतावरचे स्पीकर नाहीत त्याला तोच ट्रॅक व्यवस्थित ५.१ किंवा ७.१ (मागे आणखी दोन सराउंड) म्हणून ऐकू येतो. उंचीचा परिणाम तेवढा जातो, चित्रपटातला कोणताही आवाज गाळला जात नाही.

आज बहुतेक घरांत चित्रपट ओटीटीवरूनच पाहिले जातात, म्हणून रोजच्या कामाचा फॉरमॅट एकच: डॉल्बी डिजिटल प्लस. नेटफ्लिक्स ५.१ साठी सेकंदाला ६४० किलोबिटपर्यंत आणि ॲटमॉससाठी ७६८ पर्यंत देते, आणि ॲटमॉस फक्त तिच्या प्रीमियम योजनेतच मिळतो. डिस्कवरच्या ट्रूएचडीसमोर हा आकडा लहान दिसतो. माझे मत असे की चांगले स्वतंत्र स्पीकर, शांत खोली आणि सराईत कान असेल तर हा फरक ओळखता येतो. साउंडबारवर त्याची काळजी करू नये.

आता केबल. सगळ्यात जास्त पैसे येथेच वाया जातात.

टीव्हीतल्या ॲपवर चित्रपट लागतो आणि आवाज टीव्हीतून साउंडबारकडे किंवा रिसीव्हरकडे जातो. त्याला तीन वाटा आहेत. ऑप्टिकल केबलमधून दोन चॅनलचा साधा ध्वनी, डॉल्बी डिजिटल ५.१ आणि डीटीएस ५.१ एवढेच जाते. डॉल्बी डिजिटल प्लस त्यातून जात नाही, म्हणून ॲटमॉसही नाही. ‘ॲटमॉस साउंडबार’ आणून तो ऑप्टिकलने जोडला तर ॲटमॉस कधीच वाजणार नाही. दुसरी वाट एचडीएमआय एआरसी, म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणारी एचडीएमआयची खाच. हिच्यातून डॉल्बी डिजिटल प्लस जाते आणि त्यावर बसलेला ॲटमॉसही जातो. तिसरी ईएआरसी, म्हणजे एआरसीची सुधारित आवृत्ती, जिच्यातून ट्रूएचडी, डीटीएस-एचडी आणि आठ चॅनलचा न दाबलेला ध्वनीही जातो. म्हणजे फक्त ओटीटी पाहणाऱ्याला ॲटमॉससाठी ईएआरसीची गरज नाही, साधे एआरसी पुरते. टीव्ही तो पुढे पाठवतो ना, एवढी खात्री करून घ्यावी. ईएआरसी लागते ती ब्लू-रे प्लेअर किंवा गेमिंग कन्सोल थेट टीव्हीला जोडून आवाज पुढे पाठवायचा असेल तेव्हा. रिसीव्हर असेल तर प्लेअर आधी रिसीव्हरला आणि तिथून टीव्हीला जोडावा, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही.

जोडणी झाल्यावर टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ वरून ‘पास-थ्रू’ किंवा ‘ऑटो’ वर न्यावे. पीसीएमवर ठेवले तर एआरसीमधून दोनच चॅनल जातात आणि साउंडबार त्यांतून सराउंडचा आभास तयार करत बसतो. एचडीएमआय-सीईसी (जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना सूचना देण्याची सोय) चालू असावे, नाहीतर बऱ्याच टीव्हींवर एआरसी जागेच होत नाही. केबल टीव्हीच्या ज्या खाचेवर एआरसी किंवा ईएआरसी लिहिले आहे तिथेच लावावी. शेजारच्या खाचेत लावून ‘आवाज येत नाही’ ही तक्रार नेहमीची आहे. ब्लू-रे प्लेअरमध्ये ‘सेकंडरी ऑडिओ’ बंद करावे. ते चालू असेल तर प्लेअर स्वतःच ध्वनी मिसळतो आणि ॲटमॉसची माहिती वाटेतच गळते. पेन ड्राइव्हवरच्या फाइलचे चित्र दिसते पण आवाज नाही, असे झाले तर फाइलचा ऑडिओ डीटीएस आहे का ते पाहा. कित्येक टीव्ही डीटीएस वाचतच नाहीत. तो टीव्हीचा बिघाड नव्हे. तीच फाइल रिसीव्हरला जोडलेल्या प्लेअरवरून लावली की वाजते. सगळे नीट असल्याची खूण एकच: रिसीव्हरच्या किंवा साउंडबारच्या पडद्यावर ‘ॲटमॉस’ ही अक्षरे उमटली पाहिजेत. टीव्हीवर ॲपने दाखवलेले चिन्ह पुरेसे नाही.

आता छप्पर. बहुतेक ॲटमॉस साउंडबारमध्ये आणि काही स्पीकरांच्या डोक्यावर वर तोंड केलेले छोटे स्पीकर असतात. ते आवाज किंचित पुढे झुकवून छताकडे फेकतात आणि तो छतावर आपटून ऐकणाऱ्याकडे खाली येतो. यासाठी छत सपाट आणि कठीण असावे लागते. डॉल्बीच्या मार्गदर्शनानुसार त्याची उंची साधारण साडेसात ते बारा फूट असावी, फार तर चौदा. पणजी, म्हापसा, फोंडा, मडगावच्या फ्लॅटमधले दहा फुटी सिमेंटचे छत या कामाला उत्तम.

मंगळुरी कौलांच्या घरात मात्र हे गणित कोलमडते. उतरते छप्पर २५ अंशांनी कललेले असेल तर त्यावरून परतणाऱ्या आवाजाची दिशा त्याच्या दुप्पट, म्हणजे ५० अंशांनी बदलते. तो तुमच्याकडे न येता समोरच्या भिंतीकडे किंवा बाजूच्या खोलीकडे जातो. वासे आणि रिपा त्याचे तुकडे करतात, कौलांच्या फटींतून काही बाहेर निसटतो. शिवाय जुन्या घरांत आढे पंधरा-वीस फुटांवर असते, म्हणजे परतणारा आवाज आधीच क्षीण झालेला. अशा खोलीत वर फेकणारे स्पीकर असलेल्या साउंडबारवर जास्तीचे पैसे घालू नयेत, हे मी ठामपणे सांगेन. त्याच पैशांत खरा मधला स्पीकर, दोन सराउंड आणि सबवूफर (दणक्याचा स्पीकर) असलेला साधा ५.१ संच घ्या. तो जास्त समाधान देईल. तक्तपोशी (कौलांखालचे फळ्यांचे छत) सपाट, घट्ट आणि बारा फुटांच्या आत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे वर फेकणारे स्पीकर चालू शकतात. फळ्या सैल असतील तर त्या खडखडतात, हेही तपासून घ्यावे.

कौलारू घरात उंचीचा परिणाम हवाच असेल तर छोटे स्पीकर प्रत्यक्ष वर बसवावेत. छपराखालून जाणारी आडवी तुळई यासाठी सोयीची. समोरच्या बाजूला वर बसवायच्या दोन स्पीकरांसाठी कोन काढायची सोपी रीत अशी: बसल्यावर कान जमिनीपासून साडेतीन फुटांवर असतो. स्पीकर दहा फुटांवर लावला तर फरक साडेसहा फूट. मग तो बसण्याच्या जागेच्या साडेसहा फूट पुढे असला की ४५ अंशांचा कोन जुळतो. ३० ते ५५ अंशांत कुठेही चालेल. स्पीकरचे तोंड बसणाऱ्याकडे वळवावे. रिसीव्हरमध्ये त्याची नोंद ‘फ्रंट हाइट’ किंवा जागेनुसार ‘टॉप फ्रंट’ अशी करावी. ‘डॉल्बी एनेबल्ड’ निवडले तर रिसीव्हर तो छतावरून परतणारा आवाज समजतो आणि त्यावर नको ती प्रक्रिया करतो. तुळईला वाळवी लागलेली नाही ना हे पाहूनच स्क्रू मारावेत आणि स्पीकरला वेगळी सुरक्षा तार बांधावी. लक्षात ठेवा, ५.१.२ साठी (तिसरा आकडा वरच्या स्पीकरांचा) रिसीव्हरमध्ये सात ॲम्प्लिफायर लागतात, ५.१.४ साठी नऊ. जाहिरातीत ‘ॲटमॉस’ लिहून तिसरा आकडाच दिला नसेल तर वरचे स्पीकर नाहीत आणि उंचीचा आभास सॉफ्टवेअरने तयार केला जातो, असे समजावे.

पावसाळ्यात कौलांवर पाऊस कोसळत असताना कोणताही फॉरमॅट त्यापुढे टिकत नाही. त्या दिवसांत रिसीव्हरचा ‘नाइट मोड’ चालू करावा. तो हळू आवाज वर आणि दणका खाली आणतो, त्यामुळे संवाद ऐकू येतात.

स्पीकरांची मांडणी फॉरमॅटपेक्षा कितीतरी जास्त मोलाची आहे. समोरचे दोन स्पीकर बसणाऱ्याच्या नजरेच्या सरळ रेषेपासून दोन्ही बाजूंना २२ ते ३० अंशांवर, ट्विटर (उंच सुरांचा छोटा पडदा) कानाच्या उंचीवर. ५.१ चे सराउंड ११० ते १२० अंशांवर, म्हणजे कानाच्या किंचित मागे, आणि कानापेक्षा थोडे उंच. मागच्या भिंतीच्या दोन कोपऱ्यांत छताजवळ टांगलेले सराउंड हे आपल्याकडचे नेहमीचे दृश्य. त्यांतून आवाजाची दिशा कळत नाही. मधला स्पीकर शोकेसच्या कप्प्यात आत ढकलू नये. पुढच्या कडेला आणून बसणाऱ्याकडे तिरका करावा.

वायर जोडताना अधिक-उणे उलटे झाले तर आवाज पोकळ होतो आणि दणका नाहीसा होतो. शंका असेल तर वायर रिसीव्हरमधून काढून दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहावा: वायरच्या अधिक टोकाला सेलचे अधिक लावले की वूफरचा पडदा बाहेर सरकला पाहिजे. दहा मीटरपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची वायर ८ ओहमच्या स्पीकरला पुरते, त्यापुढे अडीचची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, पण तिचा रोध तांब्याच्या दीडपट असतो आणि समुद्राकाठच्या दमट, खारट हवेत तिची टोके लवकर खराब होतात.

रिसीव्हरमध्ये सर्व स्पीकर ‘स्मॉल’ ठेवून क्रॉसओव्हर (ज्याखालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झवर ठेवावा, अगदी छोट्या सॅटेलाइट स्पीकरांना १२०. सबवूफरच्या पाठीवरची क्रॉसओव्हरची कळ पूर्ण वर किंवा ‘एलएफई’वर असावी, नाहीतर दोन गाळण्या एकावर एक बसतात आणि मधला भाग गायब होतो. मग चाचणीचा घुरघुराट लावून प्रत्येक स्पीकर बसण्याच्या जागेवर ७५ डेसिबल भरेल असे जुळवावे. मापकावर ‘सी’ आणि ‘स्लो’ निवडावे. सबवूफरची जागा ठरवायला तो बसण्याच्या जागी ठेवून खोलीत भिंतीच्या कडेकडेने फिरावे. दणका जिथे स्वच्छ आणि सम ऐकू येईल ती त्याची जागा. बारा फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा आवाज भिंतींमध्ये घुमतो. कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर तिथे हमखास घोंगावतो.

‘संवाद ऐकू येत नाहीत, गाणे आले की कान फुटतात’ ही सर्वांत मोठी तक्रार. संवाद जवळजवळ सगळे मधल्या स्पीकरवर असतात. रिसीव्हरमध्ये मधला स्पीकर ‘आहे’ अशी नोंद असून तो जोडलाच नसेल तर संवाद जवळपास नाहीसे होतात. तो ‘नाही’ असे नोंदवले की ते डाव्या-उजव्यात वाटले जातात. जोडलेला असेल तर त्याची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवावी. दिवाणखान्यात फरशी, चिऱ्याच्या भिंती आणि काचा असतील तर आवाज घुमून शब्द पुसट होतात. दमट हवेत लोकरी गालिच्याला बुरशी धरते, म्हणून स्पीकर आणि बैठक यांच्यामध्ये जाड सुती सतरंजी, बाजूला पडदे आणि मागे पुस्तकांचे कपाट, एवढ्याने खूप फरक पडतो. जुने मराठी चित्रपट मोनो, म्हणजे एकाच चॅनलचे, आहेत. ते ‘ऑल चॅनल स्टिरिओ’वर लावू नयेत, ‘डॉल्बी सराउंड’ मोडवर लावले की आवाज मधल्या स्पीकरवर एकवटतो आणि संवाद स्पष्ट होतात.

फ्लॅटमध्ये सबवूफर शेजाऱ्याच्या सामाईक भिंतीपासून दूर ठेवावा आणि रात्री दहानंतर चार-पाच डेसिबलने खाली आणावा. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेसाठी ध्वनीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि दणका स्लॅबमधून खालच्या मजल्यावर विनासायास पोहोचतो. रबरी पॅड टाकल्याने तो थांबत नाही.

इथल्या हवेविषयी थोडे. वूफरच्या पडद्याभोवतीची कड फोमची असेल तर ती इथल्या हवेत लवकर भुसभुशीत होते, म्हणून रबराची कड असलेला स्पीकर निवडावा. स्पीकरच्या वायरची टोके काळी-हिरवी पडली की एक सेंटिमीटर कापून ताजे तांबे जोडावे. रिसीव्हर बंद कपाटात ठेवू नये. वर चार इंच मोकळी जागा हवी. विजा चमकू लागल्या की प्लगबरोबर टीव्हीची केबल आणि इंटरनेटची तांब्याची वायरही काढावी. बऱ्याचदा झटका त्या वायरींतून शिरतो आणि एचडीएमआयची खाच जळते. सबवूफर सतत गुणगुणत असेल तर केबल टीव्हीची वायर काढून पाहा. गुणगुण थांबली तर दोष तिच्या आर्थिंगमध्ये आहे. आर्थिंगची पिन तोडणे हा त्यावरचा उपाय नव्हे, त्यात जिवाला धोका आहे.

विक्रेत्यांना आणि जाहिरातदारांना आपल्या दैनिकाच्या माध्यमातून माझी विनंती आहे की, ‘ॲटमॉस’ या शब्दाशेजारी तीन गोष्टी छापाव्यात: प्रत्यक्ष स्पीकर किती आणि त्यांतले वरचे किती, जोडणी ऑप्टिकल, एआरसी की ईएआरसी, आणि सपाट छत आवश्यक आहे की नाही. या तिन्ही गोष्टी उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेत सहसा असतातच. त्या छापल्या जाईपर्यंत ग्राहकाने दुकानात जाताना खोलीची लांबी, रुंदी, छताची उंची आणि उतार कागदावर लिहून न्यावा आणि टीव्हीच्या मागच्या खाचांचा फोटो काढून न्यावा.

आपला,
एक वाचक, फोंडा